ताई, आधी तालुका पायाखाली घाला

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. मी तापीकाठच्या एका 'ब' वर्ग नगरपालिकेची नगराध्यक्षा. २०१६ ला पद महिलेसाठी राखीव निघालं म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. त्याआधी मी खासगी शाळेत गणित शिकवायचे. पाच वर्षं काम केलं, मुदत संपली, मग चार वर्षं प्रशासक होता. २०२५ च्या डिसेंबरात पद खुलं होतं, तरी लढले आणि निवडून आले. पहिल्या खेपेला आठव्या दिवशी येणारं पाणी चौथ्या दिवसावर आणलं होतं, तेच लोकांच्या लक्षात राहिलं असावं. आता कार्यकर्ते म्हणतात, 'ताई, २०२९ ला विधानसभा.' मिस्टरांनी तर माझ्या वाढदिवसाला चौकात 'भावी आमदार' असं बॅनर लावलं. आमचा मतदारसंघ खुला आहे, पण सध्याचे आमदार मित्रपक्षाचे आहेत. दीर म्हणतात, वहिनी आमदार झाल्या तर नगरपालिका मी बघतो. मला नगरपालिका कळते, विधानसभा कळत नाही. परवा बाजारात एका आजीनं हात धरला आणि म्हणाली, 'माय, तू बी मुंबईले चालनी का? मंग नयले पानी कोन सोडी?' तेव्हापासून झोप लागत नाही. मुलगी आठवीत आहे. आमदारकीच्या मागे लागू की नको? पुढच्या महिन्यात कार्यकर्त्यांची बैठक आहे, तिथं काय बोलू?

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. लढा. मात्र २०२८ ची दिवाळी होईपर्यंत उमेदवारीचं नाव तोंडातून काढू नका. तोवर दोन कामं करा. नगरपालिकेत जे हातात घेतलंय ते तडीला न्या आणि मतदारसंघातली गावं पायाखाली घाला. दिवाळीपर्यंत ही दोन्ही झाली असतील तर पुढं व्हा. झाली नसतील तर नगराध्यक्षपदाची मुदत पूर्ण करा, त्यात कमीपणा काही नाही.

मागची विधानसभा नोव्हेंबर २०२४ ची, म्हणजे पुढची २०२९ च्या अखेरीला. तुमची मुदत त्यानंतरही साधारण वर्षभर उरते. आमदार झालात तर गावाचं एक वर्ष अर्ध्यावर सोडून जाल. आजीनं हात धरला तो त्या वर्षासाठी. तिची काळजी खरी आहे आणि तुमच्या पत्रातल्या सगळ्या माणसांत मला तिचंच म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पण तिच्या प्रश्नाला उत्तर आहे. तिच्या नळाला पाणी सोडायची व्यवस्था तुम्ही नसतानाही चालली पाहिजे, इतकी ती पक्की करून जायचं.

पत्रात एक गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलीत, मी तिथंच थांबलो. 'मग चार वर्षं प्रशासक होता.' ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालू राहिले, राज्यभरातल्या नगरपालिकांच्या मुदती संपत गेल्या, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगेपर्यंत गावांना निवडून आलेलं कुणी नव्हतं. त्या चार वर्षांत तुमच्याकडे केबिन नव्हती, गाडी नव्हती, सही नव्हती. तेव्हा तुमच्या दारात कोण येत होतं? येत असतील तर कशासाठी? आणि तुम्ही काय करू शकत होतात? यावर एक संध्याकाळ नीट बसून विचार करा. खुर्ची नसताना ज्याच्याकडे माणसं येतात त्यानंच विधानसभेचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आमदाराकडेही नगराध्यक्षासारखी सही नसते. बॅनर लावणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

माझी सगळी नोकरी नगरपालिकांत गेली, त्यातली बरीच खान्देशात. आठव्या दिवसावरून पाणी चौथ्या दिवसावर आणायचं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. नदीवरच्या जॅकवेलची, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीची, एक मोटर जळालेली, दुसरी कण्हत चाललेली. वीज गेली की रायझिंग मेन, म्हणजे टाकीकडे पाणी चढवणारी मोठी नळी, उतरते आणि वीज आली तरी टाकीत पाणी पडायला पुढचे दोन-तीन तास जातात. तोपर्यंत माळी गल्लीची वेळ निघून गेलेली असते आणि बाया घागरी घेऊन नगरपालिकेच्या दारात. व्हॉल्व्हमन कुठल्या गल्लीला अर्धा तास जास्त देतो, कुठल्या नगरसेवकाच्या घराजवळ मधेच बेकायदा जोडणी निघाली आहे, हे रजिस्टरात सापडत नाही. पहाटे व्हॉल्व्हपाशी उभं राहणाऱ्यालाच सापडतं. तुम्ही उभ्या राहिला असणार, नाहीतर आठाचे चार होत नाहीत.

आता एक वही घ्या आणि त्या कामातल्या अडचणी दोन बाजूंना लिहा. ज्या गावात सुटल्या त्या डावीकडे, ज्या गावाबाहेर अडल्या त्या उजवीकडे. जॅकवेलला एक्स्प्रेस फीडर, म्हणजे स्वतंत्र वीजवाहिनी, हवा होता, तो महावितरणकडे अडला. योजनेचा खर्च वाढला, सुधारित प्रशासकीय मान्यतेची फाइल नगरविकास विभागात पडून राहिली. तांत्रिक मान्यता जीवन प्राधिकरणाकडे, पाण्याचं आरक्षण जलसंपदाकडे. पाणीपुरवठा अभियंत्याचं पद रिक्त, मुख्याधिकारी आले तसे बदलून गेले. तुमच्या गावचे तपशील वेगळे असतील, पण उजवी बाजू भरेल याची मला खात्री आहे. ही उजवी बाजूच तुमच्या विधानसभेला जाण्याचं कारण होऊ शकते. ती रिकामी राहिली तर मात्र तुम्हाला मुंबईत काही काम नाही, गावातच आहे.

तुम्ही लिहिता, विधानसभा कळत नाही. ती कळायला अवघड नाही, वेगळी आहे इतकंच. नगराध्यक्ष काम करवून घेतो. निकडीच्या वेळी कलम ५८(२) खाली तो सभेची वाट न बघता काम सुरू करायला सांगू शकतो आणि नंतर सभेची कार्योत्तर मंजुरी घेतो. आमदाराला एक मीटर गटारीचाही आदेश काढता येत नाही. वर्षाला ५ कोटींचा आमदार निधी असतो, त्यातही आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते. ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातून गावांना पैसे मिळवता येतात, अर्थसंकल्पात आणि पुरवणी मागण्यांत रस्ता घालून घेता येतो. बाकी त्याचं खरं हत्यार म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना. आणि कायदा होताना मत.

ही हत्यारं बोथट आहेत असं समजू नका. समजा तुमच्या उजव्या बाजूची ती सुधारित मान्यतेची फाइल वर्षभर हललेली नाही. नगराध्यक्ष म्हणून तुम्ही मंत्रालयात चार खेपा घालता, कक्ष अधिकारी 'वर पाठवलीय' म्हणतो, तुम्ही परत येता. तोच विषय तारांकित प्रश्न म्हणून स्वीकारला गेला की मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, उत्तरासाठी विभागाला फाइल शोधावी लागते आणि कुणाच्या टेबलावर किती दिवस होती ते निघतं. सभागृहात उपप्रश्न येणार म्हणून सचिव ती फाइल आधीच वाचून ठेवतात. कित्येकदा उत्तराच्या दिवसापूर्वीच मान्यता निघते. मात्र त्यासाठी प्रश्न नेमका हवा. 'अमुक शहरात पाणीटंचाई आहे हे खरे आहे काय' असा प्रश्न विचारला की 'हे खरे नाही' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. कुठल्या तारखेला कुठल्या जावक क्रमांकानं प्रस्ताव गेला, कुठली त्रुटी काढली, ती कधी पुरी केली, हे ज्याला माहीत आहे त्याचा प्रश्न चुकवता येत नाही. गणिताच्या बाई आणि दोन वेळच्या नगराध्यक्षा, हे तुमच्याइतकं कुणाला जमणार?

दुसरी गोष्ट कायद्याची. तुमची खुर्ची कशी भरायची हे कोण ठरवतं? २००१ मध्ये थेट निवडणूक आली, मग ती बंद झाली. २०१६ ला पुन्हा थेट. २०२० ला पुन्हा नगरसेवकांनी निवडायचं ठरलं. २०२२ ला परत थेट. २०१६ पासून तर सरकार बदललं की कायदा बदलला, आणि थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाला सभागृहात बहुमत नसेल तर अर्थसंकल्प कसा मंजूर व्हायचा, विषयपत्रिका कशी अडते, याचा सोक्षमोक्ष अजून लागलेला नाही. ज्यांनी ते सोसलं ते तिथं जाऊन बोलले पाहिजेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय लिहून ठेवले. त्यातले किती तुमच्या हातात खरे आले, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? मला मनापासून वाटतं की विधानसभेत नगरपालिका चालवलेली माणसं अधिक हवीत, आणि त्यात बायका हव्यात.

या वाटेनं गेलेली माणसं महाराष्ट्रात थोडी नाहीत. मनोहर जोशी १९७६-७७ ला मुंबईचे महापौर होते, १९९५ ला मुख्यमंत्री झाले. देवेंद्र फडणवीस १९९७ ला नागपूरचे महापौर, १९९९ ला आमदार. पण ही महानगरांची उदाहरणं तुमच्या कामाची नाहीत. तिथं महापौराचा मतदार आणि आमदाराचा मतदार एकाच रस्त्यावर राहतो. तुमचं तसं नाही.

आता तालुक्याचं बोलू, माझं सगळ्यात जास्त सांगणं इथंच आहे.

'ब' वर्ग म्हणजे लोकसंख्या ४० हजार ते १ लाख. विधानसभेचा मतदारसंघ तीन लाख मतदारांच्या आगेमागे. तुमचं सगळं शहर डोळे मिटून तुमच्या मागं आलं, आणि ते कधीच येत नाही, तरी तीन-चतुर्थांश मतदार शहराबाहेरचा. त्याला तुमच्या नळाच्या पाण्याशी घेणं नाही. शहरानं तापीतून पाणी उचललं आणि आमच्या शेतीची उपसा योजना बंद पडली ती पडलीच, असंही तो म्हणेल, आणि ते ऐकून घ्यावं लागेल. शहरातली बाई म्हणून तुमच्याकडे बघतील. कापसाला काय भाव मिळवून देणार, सीसीआयचं कापूस खरेदी केंद्र कधी उघडणार, रात्रीची वीज दिवसा कधी, पांदण रस्ता कधी, हे विचारतील. केळीच्या पट्ट्यात गेलात तर बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीला भाव काय निघाला यावरच बोलणं सुरू होईल.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे 'गाव पायाखाली घाला' म्हणतो ते काय हे कळेल. एका गावात पाराजवळ बसलो होतो. एक शेतकरी घरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद घेऊन आला. पीक विम्याची पावती, सातबारा आणि नामंजुरीचा संदेश. विमा काढला होता कापसाचा, ई-पीक पाहणीत त्याच गटावर नोंद पडली होती मक्याची. भाच्यानं मोबाइलवर भरताना चूक केली होती. पोरगा शहाणा होता, पण बांधावर रेंज नव्हती म्हणून घाईत भरलं. नुकसान खरं, पाऊस खरा, पैसा बुडाला. त्याला कुणाकडे जायचं ते माहीत नव्हतं. तलाठ्याकडे गेला तर म्हणाले कृषी सहायकाकडे जा, तिथून विमा कंपनीचा नंबर मिळाला, तो लागेना. असा एक कागद नीट वाचून, तहसीलला जाऊन, त्याचं काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही हे त्याला परत येऊन सांगणं, हे आमदारकीचं शिक्षण आहे. सांगितलेलं परत जाऊन सांगणं महत्त्वाचं, ताई. काम झालं नाही तरी परत जायचं. मतदारसंघातल्या प्रत्येक जिल्हा परिषद गटात असे कागद हातातून गेले की विधानसभेत शेतीवर बोलायला कुणाला विचारावं लागत नाही.

हे करायला तुम्हाला कुणाच्या परवानगीची गरज नाही आणि बॅनरचीही नाही. आठवड्यातला एक दिवस काढा. शक्यतो मिस्टरांशिवाय, कार्यकर्त्यांच्या गाड्यांशिवाय जा. बचत गटाच्या बायकांकडे उतरा. पुरुष पारावर जे सांगतात त्याहून निराळं बायका ओसरीवर सांगतात: टँकर किती दिवसांनी येतो, दारूचं दुकान कुठं हललं, आश्रमशाळेत पोरींना काय मिळतं. शिकवलेल्या मुली तालुकाभर नांदायला गेल्या असतील, त्यांच्याकडे चहाला जा.

धुळ्याच्या महापौर राहिलेल्या मंजुळाताई गावित यांचा प्रवास बघा. साक्री हा आदिवासी, डोंगराळ भाग, शहराच्या राजकारणाशी त्याचा संबंध कमी. तिथून त्या २०१४ ला लढल्या आणि हरल्या. २०१९ ला अपक्ष म्हणून जिंकल्या, २०२४ ला पुन्हा आल्या. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत मिळून २० जागा, त्यात २०२४ ला निवडून आलेल्या त्या एकट्या बाई. महापौरपदाच्या जोरावर साक्री मिळाली नाही, मधली पाच वर्षं लागली.

आणि शिरपूर. अमरीशभाई पटेल ऐंशीच्या दशकात तिथले नगराध्यक्ष झाले, १९९० ला आमदार, पुढं मंत्री. त्यांच्या पक्षाबद्दल आणि राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, शहरातला माणूस तालुक्यात कसा पोचतो ते तिथं बघण्यासारखं आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांना सोबत घेऊन गावोगावचे नाले खोल-रुंद केले, बंधारे बांधले, विहिरींना पाणी आलं, आणि लोक त्याला शिरपूर पॅटर्न म्हणू लागले. पाणी साठलं ते शहराबाहेरच्या शेतात. आणखी एक गोष्ट त्यातून शिका. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत शिरपूर अनुसूचित जमातीसाठी राखीव झालं. इतक्या वर्षांची बांधणी असूनही विधानसभेची ती जागा त्यांच्यासाठी मिटली आणि ते पुढं धुळे-नंदुरबारच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले. आज खान्देशातल्या २० पैकी ७ जागा अनुसूचित जमातीसाठी आणि भुसावळची एक अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. तुमची खुली आहे. पण पुढं जनगणना आहे, मग फेररचना आहे, आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनं विधानसभेत महिलांसाठी एक-तृतीयांश जागा ठेवल्या आहेत, त्या जनगणना आणि फेररचनेनंतर लागू व्हायच्या आहेत. तुमचा मतदारसंघ उद्या कुठल्या गावांचा असेल आणि कुणासाठी असेल, हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून गावांत जाल ते मतांचं गणित मांडून जाऊ नका. काही गावं तुमच्या मतदारसंघातून निघूनही जातील, तरी तिथल्या कामाचं दुःख वाटू नये असं काम करा.

विधान परिषदेचा विषय निघालाच तर, ७८ पैकी २२ जागा स्थानिक संस्थांचे सदस्य निवडतात. ती वाट मोकळी आहे, पण तिथं मतदार मोजके असतात आणि त्या निवडणुकीत पैशाची बोलणी उघड होतात. तुम्हाला मी ती सुचवणार नाही.

तिकिटाचं बघू. सध्याचे आमदार मित्रपक्षाचे असतील तर युती टिकल्यास जागा त्यांच्याकडेच जाईल, हे गृहीत धरा. कार्यकर्ते म्हणतील, 'ताई, अपक्ष लढू.' खान्देश अपक्षांना नवा नाही. अमळनेरनं २०१४ ला, मुक्ताईनगरनं आणि साक्रीनं २०१९ ला अपक्ष निवडून दिले. पण मुक्ताईनगर आणि साक्री दोन्हीकडे २०१९ ला जिंकलेला उमेदवार २०१४ ला तिथंच पराभूत झालेला होता. पहिल्या पराभवाची तयारी असेल तर अपक्ष लढा, एरवी नको. हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेत जाऊन त्याच नगरसेवकांसमोर बसता येईल का, हेही स्वतःला विचारा. येत असेल तर तुम्ही लढायला तयार आहात.

पैशांबद्दल कडक बोलतो, राग मानू नका. निवडणूक आयोगानं विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख ठेवली आहे. तेवढेही तुमच्या घरच्या कमाईतून येणार नाहीत. मग जवळ येतो तो ठेकेदार. त्याचं बिल तुमच्याकडे आहे, त्याची पुढची निविदा तुमच्याकडे आहे. नगरपालिकेतून विधानसभेकडे जाणारी जी वाट खराब झाली ती इथंच झाली. जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयानं माजी मंत्र्यांसह तेव्हाच्या नगरसेवकांना दोषी ठरवलं, अपिलं पुढं उच्च न्यायालयात गेली. त्यात कितीतरी माणसं अशी होती की सभेत ठरावाला हात वर केला, एवढीच त्यांची आठवण होती. नव्वदच्या दशकातला ठराव आणि शिक्षा वीस वर्षांनी. ५८(२) खाली काढलेला तुमचा प्रत्येक आदेश, त्याचं कारण, छायाचित्रं, कार्योत्तर ठराव यांच्या प्रती घरी फाइलमध्ये ठेवा. लेखापरीक्षणात जे आक्षेप निघाले असतील ते मुदतीत पुरे करून घ्या, वसूलपात्र रकमेची एकही नोंद तुमच्या नावापुढं राहू देऊ नका. उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र विरोधक तुमच्यापेक्षा बारकाईनं वाचतात. लोकांकडून लहान वर्गणी घेता आली तर घ्या. नगरपालिकेच्या ठेकेदाराकडून एक चहाही नको.

दिरांचं म्हणणं वाईट नाही, पण ते त्यांनी तुमच्याकडे मागायचं नाही, गावाकडे मागायचं. उद्या तुम्ही आमदार आणि घरात नगराध्यक्ष, असं झालं की तुमच्याच प्रश्नाला तुमच्याच घरातून उत्तर द्यायची वेळ येते. पाणी आलं नाही तर आजीनं कुणाला बोलायचं? मी अशा जोड्या पाहिल्या आहेत. मुख्याधिकारी आमदारांच्या फोनची वाट बघतो, नगराध्यक्ष केबिनमध्ये बसून राहतो, सभागृहात नगरसेवक गप्प. चांगल्या नगराध्यक्षाचा आमदार झाल्यावर सगळ्यात मोठा धोका हाच की तो मुंबईत बसूनही नगराध्यक्षच राहतो. दिरांना सांगा, आजपासून एखाद्या प्रभागाचं काम करा, लोक ठरवतील. घरातल्यांपेक्षा तुमच्या सभागृहातलीच कुणी धडपडी नगरसेविका दिसत असेल, तर तिला पाणीपुरवठा समितीचं सभापतिपद मिळेल असं बघा आणि पहाटे व्हॉल्व्हपाशी सोबत न्या.

मिस्टरांना बॅनर काढायला सांगा. त्यांचा अभिमान खरा आहे हे मला पत्रावरून दिसतं, आणि ते तुमच्यामागं उभे आहेत ही मोठी गोष्ट आहे. पण त्या बॅनरमुळे आज तुमचा प्रत्येक ठराव लोक २०२९ च्या हिशोबानं वाचायला लागले असतील, विरोधी नगरसेवक तर नक्कीच. मित्रपक्षाचे आमदार तुमच्या गावचा निधी अडवायला आता मोकळे झाले. नुकसान गावाचं होतं. आमदारांना स्वतः जाऊन भेटा, एक्स्प्रेस फीडरचा आणि त्या फाइलचा प्रश्न त्यांच्याच हातून अधिवेशनात मांडून घ्या. प्रश्न कसा लिहायचा ते त्यांच्या स्वीय सहायकासोबत बसून शिका. श्रेय त्यांना जाऊ द्या, पाणी तुमच्या गावाला येईल.

मुलीचं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत. २०२९ ला ती अकरावी-बारावीत असेल. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, शिवाय समित्यांच्या बैठका. आठवडेच्या आठवडे तुम्ही आमदार निवासात असाल. निर्णय घेण्याआधी तिच्याशी बोला, तिच्या वडिलांसमोर नाही, एकटीशी. ती काय म्हणते ते मला कळवलंत तर बरं वाटेल.

राहिली बैठक. भाषण लांबवू नका. साधारण एवढं बोला: 'मला २०३० पर्यंत तुम्ही निवडून दिलंय. विधानसभेचा विषय २०२८ च्या दिवाळीनंतर, तोवर कुणी माझ्या नावापुढं भावी लावू नये. या वर्षात पाणी दिवसाआड करायचंय. त्यासाठी एक्स्प्रेस फीडर, सुधारित मान्यता आणि दोन टाक्यांची गळती, ही तीन कामं आहेत. ज्याला माझ्यासाठी काम करायचंय त्यानं आपल्या गल्लीतल्या मधल्या जोडण्यांची यादी पंधरा दिवसांत आणून द्यावी, स्वतःच्या घरची असेल तर आधी ती तोडून.' मग खाली बसा आणि कोण कोण यादी आणतं ते बघा. जे आणतील त्यांची नावं त्याच वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा, २०२९ ला लागतील.